दोन ओळींचा काळा पडदा : गोंदियातून पाहिलेला लिनक्सचा प्रश्न

निमित्त

२०२५ च्या दिवाळीनंतर देवरी तालुक्यात सेवा केंद्र चालवणारा एक ओळखीचा तरुण आपला सीपीयू मोटरसायकलला बांधून गोंदियाला घेऊन आला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि दहा वर्षे वापरलेली हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले होते आणि त्याच्या पडद्यावर तशी सूचना पुन्हा पुन्हा येत होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याच्याकडे दोन्ही नव्हते. "नवीनच घ्या लागते काय भाऊ, का यातच काही होते?" त्याने विचारले.

मी त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. अर्ध्या तासात यंत्र कामाला लागले. ब्राउझर झटक्यात उघडला, प्रिंटरने पहिलेच पान नीट छापले, मराठी टायपिंग सुरू झाले. मग त्याने पिशवीतून अंगठ्याचे यंत्र काढून जोडले. यंत्राचा दिवा लागला, पण संगणकाला अंगठा काही मिळेना. पोर्टल म्हणत राहिले, उपकरण सापडत नाही. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "थंब नाही घेत तं मंग काय कामाचं?"

जुन्या यंत्राला नवे आयुष्य मिळण्याची आशा आणि रोजचे काम अडण्याची धास्ती, या दोन टोकांमध्ये आपल्याकडची लिनक्सची चर्चा वर्षानुवर्षे फिरते आहे. ती आज कुठे येऊन ठेपली आहे, कोणाचे म्हणणे काय आहे आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा. मी स्वतः गेली अनेक वर्षे लिनक्सच वापरतो. हे आधीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या बाजू मांडताना माझा हात कुठे आखडला तर वाचकाला तो ओळखता येईल.

पूर्वपीठिका

२७ सप्टेंबर १९८३ ला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्याला प्रोग्राम हवा तसा चालवता यावा, त्याची संहिता वाचता यावी, बदलता यावी आणि इतरांना देता यावी, ही त्यामागची भूमिका. आठ वर्षांनी, २५ ऑगस्ट १९९१ ला, हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. १९९२ मध्ये त्यांनी आपले 'लिनक्स' कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ग्नूच्या जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणले आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. २०१७ पासून त्या यादीत दुसरी सिस्टीम उरलेली नाही. अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचेच कर्नेल आहे. म्हणजे सालेकशाच्या बाजारात हातात मोबाइल घेऊन उभा असलेला शेतकरी लिनक्स वापरतोच आहे. टेबलावरच्या संगणकापाशी मात्र चित्र उलटे होते.

महाराष्ट्रात या उलट्या चित्राला एक ठळक वळण आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. संगणकाची भीती घालवण्याचे फार मोठे काम या अभ्यासक्रमाने केले, हे कोणीही मान्य करेल. त्यात मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवले गेले. त्यामुळे एका पिढीसाठी 'कॉम्प्युटर येतो' याचा अर्थ 'विंडोज येते' असाच झाला. दुरुस्तीच्या दुकानात आजही 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या' हे एकच वाक्य ऐकू येते.

त्याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस लिनक्स' ही भारतीय भाषांना आधार देणारी सिस्टीम काढली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालत होते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही तयार केले. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने धोरणच जाहीर केले : सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्याने विचारात घ्यावे, ते घ्यायचे नसेल तर कारण द्यावे. धोरणाला दशक उलटले, तरी तालुका कचेरीतल्या टेबलावर त्याची खूण सहसा दिसत नाही.

मराठीचा धागा

आपल्याकडे हा प्रश्न लिपीपासून वेगळा काढता येत नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि संगणकावर भारतीय लिप्या दिसू लागल्या. पुढे श्री-लिपी, कृतिदेव, सी-डॅकचे योगेश, सुरेख असे फॉन्ट आले. लग्नपत्रिका, स्थानिक साप्ताहिके, कचेरीची पत्रे, सगळे त्यांवर चालले. अडचण अशी की प्रत्येक फॉन्टची संकेतावली आपापली. कृतिदेवमध्ये लिहिलेला ठराव तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो.

यावरचा उपाय यूनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच संकेतावली. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण मराठीच्या खास गरजा पुऱ्या व्हायला वेळ लागला. 'ॲ' या अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला तो २००८ मध्ये. 'शेतकऱ्याचा' या शब्दातला 'ऱ्य' जुन्या फॉन्टमध्ये हमखास बिघडायचा; तो 'शेतकर्याचा' व्हायचा आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपायचा. इथे श्रेय दोन्ही बाजूंना द्यायला हवे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा यूनिकोड फॉन्ट दिला. मुक्त जगात रेड हॅटने लोहित देवनागरी दिला, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फॉन्ट खुल्या परवान्यावर कोणालाही वापरता येतो. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक तर आहेच, शिवाय 'गमभन'सारखी उच्चारानुसारी पद्धतही मिळते. देवरीच्या त्या यंत्रावर मी मुद्दाम पहिला शब्द 'शेतकऱ्याचा' हाच टाइप केला. तो नीट उमटला, तेव्हा त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा सैल झाला.

पहिली बाजू : वळायला हवे

लिनक्सकडे वळावे असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा पैशाचा आणि यंत्राच्या आयुष्याचा आहे. लिनक्स मिंट किमान २ जीबी रॅमवर चालते आणि ४ जीबीवर बऱ्यापैकी चालते. शाळेच्या संगणक कक्षात दहा वर्षांपूर्वी आलेली यंत्रे भंगारात न टाकता वापरता येतात. परवान्याचे पैसे नाहीत, म्हणून चोरीची प्रत टाकण्याचा मोह नाही. चोरीच्या प्रतीबरोबर येणारे व्हायरस आणि अडलेले अपडेट, ही आपल्याकडची रोजची दुखणी आहेत.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या मुलीला संगणक आतून कसा चालतो हे पाहायचे असेल, तर संहिता उघडी असलेली सिस्टीम तिला कोणाची परवानगी न घेता पाहता येते.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि गोंदियासाठी तो विशेष आहे. या जिल्ह्यात मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी बोलली जाते. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. ती मसराम गोंडी २०१७ मध्ये यूनिकोडमध्ये आली आणि तेलंगणात सापडलेली गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. मसराम गोंडीचा खुल्या परवान्याचा नोटो फॉन्ट आज कोणालाही उतरवून घेता येतो. मसराम यांची लिपी तयार झाल्यापासून संगणकात शिरेपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला राज्याराज्यांतून गोंड समाज येतो. त्या समाजाला आपल्या भाषेतला संगणक हवा असेल, तर बाजाराचे गणित जुळण्याची वाट न बघता तो घडवता येण्याची सोय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे, असे ही बाजू सांगते.

दुसरी बाजू : आहे ते सोडू नये

याउलट म्हणणाऱ्यांची बाजू रोजच्या कामाच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती हलकी नाही. आधारच्या अंगठ्याची यंत्रे चालायला कंपनीने दिलेली एक खास सेवा संगणकात बसवावी लागते. ती विंडोज आणि अँड्रॉइडसाठी सहज मिळते, लिनक्ससाठी थोड्याच उपकरणांना. डिजिटल सहीच्या टोकनचेही तसेच : काही लिनक्सवर चालतात, पण पोर्टलवर सही करायची जोड-सॉफ्टवेअरे बहुतेकदा विंडोज गृहीत धरूनच लिहिलेली असतात.

गोंदिया हा धानाचा जिल्हा, आणि राइस मिलचा हिशेब टॅलीवर असतो. टॅली विंडोजसाठी आहे. ते दूरच्या सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरता येते, पण सीझनमध्ये धानाच्या गाड्या दारात उभ्या असताना मुनीम नवी वाट शोधत बसत नाही. फ्लेक्स आणि पत्रिका करणारा कोरलड्रॉवर काम करतो, आणि त्याच्या जुन्या फायली तिथेच नीट उघडतात. मुक्त जगातला पान-जुळणीचा प्रोग्राम स्क्रायबस. देवनागरी जोडाक्षरे नीट मांडण्याची सोय त्याच्या स्थिर आवृत्तीत २०२४ मध्ये आली. इतका उशीर झाल्यावर छापखानेवाल्याला दोष देता येत नाही. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेच्या तयारीची सॉफ्टवेअरेही बहुतेक विंडोजवरचीच असतात.

आणखी एक मुद्दा चर्चेत फारसा येत नाही. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण तो चालतो फक्त विंडोजवर. लिनक्सवर ऑर्का आहे. तरी एनव्हीडीएवर हात बसलेल्या माणसाला सिस्टीम बदलायला सांगणे म्हणजे त्याला चालणे नव्याने शिकायला सांगणे आहे.

या बाजूचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार प्रश्न असा : बिघडले तर बघणार कोण? विंडोज टाकणारा माणूस आमगाव, तिरोडा, गोरेगावच्या बाजारात सापडतो. लिनक्स जाणणारा शोधावा लागतो.

तिसरी बाजू : वाद जुना झाला

तिसरा गट म्हणतो की सिस्टीम कोणती याला आता महत्त्व उरलेले नाही. सातबारा ब्राउझरमध्ये निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेली ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. आधारभूत केंद्रावर धान विकायची नोंदणी ऑनलाइन, धानाचे चुकारे थेट बँक खात्यात. मग टेबलावरचा संगणक निव्वळ खिडकी ठरतो. खिडकीची चौकट लाकडी की लोखंडी, याने काय फरक पडतो?

या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. मात्र यातून नवा प्रश्न निघतो. काम सगळे दूरच्या सर्व्हरवर गेले, तर माहिती कोणाच्या ताब्यात राहते, आणि ती परत हवी झाली तर कोणत्या रूपात मिळते?

ताज्या घडामोडींनी काय बदलले

गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी चर्चेचा रोख खर्चाकडून भरवशाकडे वळवला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. भारतात बसून, भारतीय कायदा पाळूनही आपला ईमेल दुसरीकडच्या निर्णयाने थांबू शकतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवले. त्याआधीच, २०२३ मध्ये, संरक्षण मंत्रालयाने उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली 'माया' ही सिस्टीम आपल्या संगणकांवर बसवायचे ठरवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो या भारतीय कंपनीच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरकडे वळत असल्याचे जाहीर केले.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती वेगळी करायला हवी. झोहो स्वदेशी आहे, पण त्याची संहिता मुक्त नाही. लिनक्स मुक्त आहे, पण ते कोणा एका देशाचे नाही. परदेशी निर्णयाचा धाक कमी करायचा असेल तर स्वदेशीने काम भागते. एकाच पुरवठादाराचा धाक कमी करायचा असेल तर मुक्त संहिता लागते.

आणि मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्स जगातल्या छोट्या पण सर्वत्र लागणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट पेरलेली सापडली. ते साधन मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता, आणि त्याला मदत करण्याच्या मिषाने आलेल्याने हे केले. ते पकडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा तो माग काढत होता. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. संहिता उघडी होती म्हणून माग काढता आला, हे खरे. तो काढणारा पगारी माणूस होता, हेही तितकेच खरे.

इतरांचे अनुभव

केरळने शाळांमधला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला आणि तो तिथेच टिकवला. राज्याची 'काइट' ही संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टीम शाळांना देते. यश दिसते ते सिस्टीमचे, पण त्याचा पाया शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे. शिक्षकांना शिकवले गेले, शाळेपर्यंत मदत पोहोचली आणि हे वर्षानुवर्षे चालू राहिले.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० यंत्रे हलवली. २०१७ मध्ये तिथल्या परिषदेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. बाहेरच्या कागदपत्रांशी न जुळणे, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बदललेले राजकारण, यांतले नेमके कोणते कारण मोठे, यावर आजही एकमत नाही. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० सरकारी संगणक आधी लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचे जाहीर केले. म्युनिकच्या अनुभवावरून घेण्यासारखा धडा यात दिसतो : आधी कागदपत्रे खुल्या रूपात आणायची, सिस्टीम त्यानंतर.

काय सुटायचे राहिले

सगळ्या बाजू समोर ठेवल्या की चार प्रश्न उरतात.

पहिला उपकरणांचा. सरकारी कामाला लागणारे अंगठ्याचे यंत्र आणि सहीचे टोकन सर्व सिस्टीमवर चालले पाहिजे, अशी अट खरेदीतच घालायची की नाही? घातली तर कंपन्या ड्रायव्हर काढतील. त्याने किंमत वाढेल का, हे आज कोणी खात्रीने सांगत नाही.

दुसरा माणसांचा. गोंदियात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत. तिथल्या मुलांनी गावच्या शाळांची यंत्रे सांभाळायची म्हटले, तर ते काम हौसेचे राहील की मोबदल्याचे? एक्सझेडची गोष्ट सांगते की नुसत्या हौसेवर टाकलेला भार केव्हातरी ढासळतो.

तिसरा खऱ्या खर्चाचा. परवान्याचे वाचलेले पैसे आणि प्रशिक्षणाला लागलेले पैसे, यांचा जिल्हा पातळीवरचा पाच वर्षांचा ताळेबंद मांडल्याशिवाय स्वस्त काय, हे दोन्हीकडून फक्त बोलले जाईल.

चौथा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा-अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते, आणि खेड्यातला केंद्रचालक ती करतोच असे नाही. ज्या कामासाठी जुने विंडोज सोडता येत नाही, ते काम नेमके अंगठ्याचे आणि आधारचे. म्हणजे ज्या माहितीला सर्वांत जास्त जपायला हवे, तीच सर्वांत कमी जपलेल्या यंत्रावर राहण्याचा धोका आहे. विंडोजवाले, लिनक्सवाले आणि ब्राउझरवाले, तिघांनाही याचे उत्तर द्यावे लागेल.

एका गोष्टीवर मात्र तिन्ही बाजूंना आज सहमत होता येईल. मजकूर यूनिकोडमध्ये आणि फायली खुल्या रूपात ठेवल्या, तर पुढे कोणतीही सिस्टीम निवडली तरी काही अडत नाही. कृतिदेवमध्ये अडकलेले जुने ठराव आणि नोंदी बदलून घेणे, हे काम कोणाचाही निर्णय व्हायची वाट न पाहता उद्यापासून सुरू करता येईल.

देवरीच्या त्या यंत्रावर शेवटी मी दोन्ही ठेवले. विंडोजची वाढीव अपडेटसाठी नोंदणी करून दिली आणि ते फक्त अंगठ्यापुरते वापरायचे ठरले. आता बटण दाबले की काळ्या पडद्यावर दोन मुख्य ओळी येतात आणि यंत्र दहा सेकंद थांबते. अर्ज लिहायचे असले की तो तरुण काहीच करत नाही, आपोआप लिनक्स उघडते. समोर अंगठा द्यायला कोणी म्हातारी बसली असली की बाण दाबून खालच्या ओळीवर जातो. दोन्हीकडे एकच फोल्डर दिसते, त्यातले अर्ज यूनिकोडमध्ये आहेत आणि 'शेतकऱ्याचा' हा शब्द दोन्हीकडे सारखाच उमटतो. त्याला खालची ओळ लागणार नाही असा दिवस ज्या ड्रायव्हरने येईल, तो अजून कोणी लिहिलेला नाही.